भुईतली ओल, आभाळातला पाऊस

मे महिना कलला की आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे लागतात. अंदमानात आला का, केरळात कधी दाखल होणार, अरबी समुद्राची शाखा जोरात आहे की बंगालच्या उपसागराची, तळकोकणाला कितवी तारीख. पावसाची सगळी बातमी पाण्यावरून जमिनीकडे येते. त्यात वावगं काही नाही, मोसमी पावसाचं बहुतेक पाणी समुद्राचंच. पण मी मंगळवेढ्याकडची, पर्जन्यछायेतली. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेकडे निघालं की माण, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीने आपला वाटा उतरवून घेतल्यावर जे उरतं, त्यावर आमचं भागतं. अशा मुलखात पावसाचा हिशेब करायचा तर समुद्राच्या जोडीला आणखी एक खातं उघडावं लागतं. ते जमिनीतल्या ओलीचं.

मी भूगोल शिकवते. जलचक्राची आकृती काढताना मुलं समुद्रावरून वर जाणारा बाण जाडजूड काढतात आणि जमिनीवरून वर जाणारा बाण बारीकसा, कोपऱ्यातल्या एखाद्या झाडाच्या शेंड्यावरून. तो बाण मी त्यांना पुन्हा काढायला लावते. जगभरच्या जमिनीवर जेवढा पाऊस पडतो, त्यातलं सुमारे साठ टक्के पाणी नद्यांवाटे समुद्राला मिळतच नाही. ते मातीतून, तळ्यांतून आणि पानांतून परत हवेत जातं. साठ टक्के! एवढ्या मोठ्या उलाढालीचा पुढच्या पावसाशी काही संबंध नसेल, हे मनाला पटत नाही. संबंध आहेच. फक्त तो सरळ नाही, आणि मला त्याची ओढ लागली ती या वाकड्या वाटेमुळेच.

आधी उन्हाकडे बघू. सूर्याची उष्णता जमिनीवर पोचली की तिला दोन कामं असतात. एक, माती आणि तिच्या अंगची हवा तापवणं. दुसरं, मातीतल्या पाण्याची वाफ करणं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते, आणि एक चौरस मीटर जागेवरची एक मिलिमीटर ओल म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मे महिन्यात दिवसभरात जमिनीच्या वाट्याला जी निव्वळ उष्णता येते, तिच्यात पाच-सहा मिलिमीटर ओल उडून जाईल एवढी ताकद असते. जमिनीत ओल असेल तर उष्णतेचा मोठा भाग वाफेत खर्ची पडतो आणि दुपारचा पारा त्या मानाने आवरलेला राहतो. ओल नसेल तर सगळी उष्णता तापवण्यातच जाते. उन्हाळ्यात उसाचा फड दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. एकरी हिशेब केला तर ते पंचवीस हजार लिटरच्या घरात जातं, म्हणजे मोठे दोन टँकर पाणी. रोज, आवाज न करता, डोळ्याला न दिसता. माळावरून चालत येऊन उसाच्या बांधावर उभं राहिलं की अंगाला जो फरक जाणवतो, तो या दोन टँकरांचा.

आता ढगाचा तळ. हवामानवाले एक सोपा आडाखा वापरतात: हवेचं तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते) यांतला फरक घ्यायचा आणि त्याला १२५ ने गुणायचं. उत्तर येतं ते साधारण ढगाच्या तळाची मीटरमधली उंची. मे महिन्यातली सोलापूरकडची कडक दुपार घ्या. तापमान ४१ अंश, दवबिंदू १६. फरक २५. म्हणजे ढगाचा तळ तीन किलोमीटरच्याही वर. चांगला पाऊस होऊन जमीन भिजल्यानंतरचा एखादा दिवस घ्या. तापमान ३१, दवबिंदू २२. फरक ९, आणि तळ ११०० मीटरवर उतरलेला. आकाश तेच, गाव तेच, ढग मात्र दोन किलोमीटर खाली आला.

याचा अर्थ काय होतो ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, फक्त या शब्दांत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेला काळंभोर आभाळ चढतं. ढगाखाली पावसाच्या धारा लोंबताना स्पष्ट दिसतात, पण त्या जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून येताना थेंब वाटेतच विरतात. विरताना ते भोवतालची हवा गार करतात, ती जड झालेली हवा खाली आदळते आणि चहूकडे पसरते. आपल्या वाट्याला येतो तो धुळीचा लोट, उडालेले पत्रे, पडलेली आंब्याची कैरी आणि पाच-पन्नास टपोरे थेंब. पाऊस नव्हता असं नाही. पाऊस होता, पोचला नाही. पुढे दोन-तीन वळीव नीट झाले, ढेकळं भिजली, हवेत दमटपणा आला की तेवढ्याच आकाराचा ढग गाव भिजवून जातो.

इथवर गोष्ट सरळ आहे आणि आमच्या आण्णांना, माझ्या थोरल्या चुलत्यांना, ती कुणी शिकवली नव्हती. "आरं, भुईलाच ओल न्हाई तर आभाळाला कुठनं यायची?" ते म्हणत. त्यांची जमीन काळी, खोल, भेगाळणारी. चांगली काळी जमीन मीटरभर खोलीत दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पिकासाठी धरून ठेवते. बरड, मुरमाड रानात हेच पाणी आठवड्याभरात संपतं. काळ्या जमिनीचं वागणं मोठं बघण्यासारखं असतं. पाऊस थांबला की पहिले दोन-चार दिवस वरच्या थरातून भराभर वाफ जाते, जेवढं ऊन तेवढी वाफ. मग वरची दोन बोटं माती वाळून पांढुरकी पडते आणि झाकण बसावं तसं खालचं पाणी अडकतं. पुढे आणखी वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल पुन्हा बाहेरची वाट धरते. म्हणून तर कोळपं चालवायचं, भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडे उगीच म्हणत नाहीत. मंगळवेढ्याची रब्बीची ज्वारी याच सांभाळलेल्या ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढे आभाळाकडे न बघता फेब्रुवारीत काढायची. ती ज्वारीसुद्धा खालची ओल मुळांनी ओढून हवेत सोडतच असते, पण डिसेंबरात वरची हवा खाली दबत असते, ढग उभा राहायला वावच नसतो. ती वाफ रात्री दव होऊन ज्वारीच्याच पानांवर बसते. ओल असली म्हणजे पाऊस येतोच असं नाही, हे तिथेच दिसतं. वातावरण तयार असावं लागतं आणि ओल त्याला शेवटचा हात लावते.

हा शेवटचा हात कुठे मोलाचा ठरतो? २००४ साली रँडल कोस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला. जगभरातल्या डझनभर हवामान प्रारूपांना, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या गणिती नमुन्यांना, एकच प्रश्न घातला होता: उन्हाळी महिन्यांत जमिनीतली ओल पावसावर सगळ्यांत जास्त परिणाम कुठे करते? उत्तरात जे पट्टे उठून दिसले ते असे: अमेरिकेतली मधली गवताळ मैदानं, आफ्रिकेतला साहेल (सहाराच्या दक्षिणेकडचा निमकोरडा पट्टा) आणि विषुववृत्ताजवळचा भाग, आणि भारत. यामागचं कारण समजायला अवघड नाही. सहारात वाफ व्हायला पाणीच नाही. जुलैतल्या कोकणात पाणी इतकं आहे की आणखी चार मिलिमीटर ओलीने काही बिघडत नाही आणि सुधरतही नाही, तिथे उणीव असते ती उन्हाची. या दोहोंच्या मधल्या, ना पुरत्या कोरड्या ना पुरत्या ओल्या मुलखात मात्र ओल थोडी कमी-जास्त झाली की वाफेचं प्रमाण हलतं. आमचा सगळा अवर्षणप्रवण पट्टा असाच मधला आहे. पावसाची ओढ जिथे सर्वांत जास्त, तिथेच जमिनीच्या ओलीला किंमत सर्वांत जास्त.

म्हणून पावसाच्या खंडाकडे मी या नजरेने बघते. २०२३ चा ऑगस्ट आठवतो? देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. खंड पडतो तो वरच्या वाऱ्यांच्या चालीमुळे, प्रशांत महासागरातल्या एल निनोमुळे. त्याचं खापर जमिनीवर फोडता येत नाही. पण खंड लांबला की जमीनही त्यात सामील होते. पहिला आठवडा रान तग धरतं. दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन दुपारी माना टाकतं, पानं आपली छिद्रं मिटून घेतात, वाफ घटते, पारा चढतो, ढगाचा तळ वर सरकतो. एखादा चुकार ढग आला तरी त्याला खालून साथ मिळत नाही. खंड जमिनीने पाडलेला नसतो, तो मुरवण्याचं काम मात्र ती करते.

इथे येऊन 'ओलीतून पाऊस, पावसातून ओल' असं गोल चित्र पुरं झाल्यासारखं वाटतं. पण साहेलमधल्या निरीक्षणांनी ते मोडलं. ब्रिटनमधले ख्रिस्तोफर टेलर वर्षानुवर्षं तिथल्या वादळी ढगांचा जन्म उपग्रहांतून बघत होते. २०११ मध्ये त्यांच्या चमूने दाखवलं की जिथे ओल्या आणि कोरड्या जमिनीची हद्द ठळक असते, तिथे गडगडाटी ढग उभा राहण्याची शक्यता एकसारख्या जमिनीच्या जवळपास दुप्पट असते. पुढच्या वर्षी 'नेचर'मधल्या त्यांच्या अभ्यासात पृथ्वीवरच्या सहा खंडांचा धांडोळा होता आणि निष्कर्ष असा की दुपारचा पाऊस भोवतालच्या मानाने कोरड्या असलेल्या तुकड्यावर पडण्याची शक्यता अधिक! प्रारूपं सांगत होती नेमकं याच्या उलट.

मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप आवडला, कारण त्यामागचं भौतिकशास्त्र आपल्याला रोजचं आहे. किनाऱ्यावर दिवसा जमीन तापते, समुद्र गार राहतो आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. भिजलेलं रान आणि कोरडा माळ शेजारीशेजारी असले, पसारा काही किलोमीटरांचा असला, तर तेच घडतं. भिजल्या रानावरची गार, दमट हवा माळाकडे सरकते. माळावरची हवा तापून वर चढत असते. दोघी भेटतात त्या रेषेवर हवा वर ढकलली जाते आणि ढगाचं बी तिथे पडतं. वाफ ओल्या रानाची, उचल कोरड्या माळाची. एकट्याने कुणालाच जमलं नसतं.

मग खरं कोण, प्रारूपं की निरीक्षणं? २०१५ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी या दोहोंना एकत्र बसवलं. काळाच्या हिशेबात बघितलं तर दुपारचा पाऊस बहुतेक प्रदेशांत एकंदर ओल जास्त असलेल्या दिवशी पडतो. जागेच्या हिशेबात बघितलं तर त्या दिवशीही तो त्या प्रदेशातला तुलनेने कोरडा तुकडा निवडतो. दोन्ही खरं. ओल्या मुलखातला कोरडा तुकडा. म्हणजे पाऊस आपली ओल आपणच वाटून, सारखी करत जातो. गेल्या दोन दशकांतलं या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

आमच्या जिल्ह्यात अशी हद्द शोधायला लांब जावं लागत नाही. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचा साठा भीमेवर उभा राहिला आणि कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचा हिरवा पट्टा पसरला. कालव्याच्या वरच्या अंगाला कुसळाचा माळ तसाच राहिला. मधे एक बांध, एक पाणंद. एप्रिलच्या दुपारी त्या पाणंदीवर उभं राहिलं की उसाकडून येणारी मंद झुळूक गालाला लागते आणि माळावर वावटळी उठत असतात. वावटळ म्हणजे तापलेली हवा वर निघाल्याची उघड खूण. आण्णा या झुळुकीला 'फडाचा वारा' म्हणायचे आणि दुपारची भाकरी त्याच बाजूला बसून खायचे.

मोसमी पावसाच्या चालीतही जमिनीचा हात आहे. १ जूनला केरळात आलेला पाऊस साधारण ८ जुलैपर्यंत राजस्थानच्या टोकाला पोचतो, आणि त्या प्रवासात त्याला वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या हवेच्या जाड थराशी सामना द्यावा लागतो. हा थर तीन-चार किलोमीटर उंचीवर, पाचरीसारखा शिरलेला असतो. तो मागे कसा रेटला जातो? लीड्स विद्यापीठातल्या डग पार्कर यांच्या चमूचं म्हणणं असं की छोटे छोटे ढग खालून वाफ नेऊन त्या थराला हळूहळू दमट करतात आणि पाचर मागे हटते. मान्सूनपूर्व सरींनी भिजलेली जमीन या छोट्या ढगांना वाफ पुरवते. २०१६ च्या उन्हाळ्यात भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लखनौ आणि बंगळूरहून विमान उडवून हीच जमीन आणि हीच हवा मोजली. रोहिणीच्या सरींवर शेतकरी जीव टाकतो तो पेरणीच्या आशेने. त्या सरी पुढच्या मृगासाठीही कामाला लागलेल्या असतात.

कधी तर भिजलेली जमीन समुद्रासारखीच वागते. चक्रीवादळ जमिनीवर आलं की मरतं, असं आपण शिकवतो. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी गुजरातवर एक तीव्र कमी दाबाचा पट्टा दिवसचे दिवस टिकून राहिला, सौराष्ट्र-कच्छ पाण्याखाली घातला आणि मग जमिनीवरून अरबी समुद्रात उतरून ३० ऑगस्टला 'असना' चक्रीवादळ झाला. १९७६ नंतर ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात झालेलं हे पहिलं चक्रीवादळ. पावसाने चिंब झालेली जमीन अशा प्रणालीला वाफेचा खुराक देत राहते, याची तेव्हा शास्त्रज्ञांत बरीच चर्चा झाली.

हे सगळं वाचलं की मनात लगेच येतं: मग आपणच जमीन भिजवू, पाऊस येईल. ही आशा जुनी आहे. १८७०-८० च्या दशकांत अमेरिकेतल्या नेब्रास्काकडे वसाहतवाल्यांना सांगितलं गेलं की नांगर चालवा, नांगरामागून पाऊस येतो. काही वर्षं चांगली गेली, लोकांचा विश्वास बसला. १८९० च्या दशकात अवर्षण आलं. १९३० च्या दशकात तर नांगरलेली ती मैदानं धूळ होऊन उडाली. आणि ही मैदानं तीच, जी २००४ च्या अभ्यासात ओलीला सर्वाधिक किंमत असलेली म्हणून निघाली! जमिनीचा पावसाशी संबंध आहे हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं. पण पाऊस मागवता येईल एवढा तो हुकमी नव्हता.

आपल्याकडचे आकडेही हेच बजावतात. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांच्या हिशेबाने मोसमाच्या उत्तरार्धात गंगेच्या खोऱ्यातल्या पावसात वीस ते पंचवीस टक्के वाटा त्याच भूभागातून उठलेल्या वाफेचा असतो. म्हणजे सप्टेंबरच्या पावसात जुलैची ओल असते. मग त्या ओलीशी मोठ्या प्रमाणावर खेळलं तर? उत्तर भारतात भातखाचरांना गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं की सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो, असं २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. २०२३ मध्ये नदीजोडाबद्दलचा अभ्यास आला. नद्या जोडून सिंचन वाढवल्यास काही आधीच तहानलेल्या भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. सप्टेंबर! रब्बी ज्वारीची अख्खी ओल ज्या महिन्यात जमिनीत भरायची, तो महिना. उत्तरा आणि हस्त कोरडे गेले तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला कुठलाही कालवा पुरा पडणार नाही. नदीजोडाची चर्चा अजून टीएमसी आणि कोटी रुपयांतच चालते, याचं मला मनापासून दुःख आहे. धरणातलं पाणी कुठून कुठे नेलं याची नोंद होते. ते शेतात पसरल्यावर वर काय गेलं आणि कुठे जाऊन पडलं, याची नोंद कुठल्याच अहवालाच्या पहिल्या पानावर नसते.

याचा अर्थ ओल वाढवू नये असा मी काढत नाही. वाफ जायचीच असेल तर ती उघड्या मातीतून जाण्यापेक्षा पिकाच्या पानातून जावी, एवढंच मला वाटतं. पानातून जाताना ती दाणा भरून जाते. आच्छादन, बांधबंदिस्ती, खोल काळ्या रानात पावसाळ्यातही एखादं कमी मुदतीचं कडधान्य, यांनी ओल जागच्या जागी, पावसाच्याच पाण्याने, विखुरलेली राहते. एका कालव्याखाली मैलोन्‌मैल एकसारखा ऊस आणि पलीकडे उघडा माळ, यापेक्षा हे चित्र मला जमिनीच्या आणि आभाळाच्याही जास्त सोयीचं वाटतं.

आणि मोजमाप हवं. पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज धरणांची टक्केवारी छापतात. उजनी उणे किती, जायकवाडी किती, हे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतं. तालुक्याच्या जमिनीत किती मिलिमीटर ओल आहे, हे त्याच चौकटीत का असू नये? अवकाशातून ती मोजण्याचं तंत्र आता आहे. युरोपचा एसएमओएस २००९ पासून, नासाचा एसएमएपी २०१५ पासून हे काम करतो. दोघांचीही नजर वरच्या पाच-एक सेंटिमीटरांपुरती, आणि त्यांच्या एका ठिपक्यात कित्येक गावं मावतात, कालव्याची हद्द त्यात पुसून जाते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निघालेला इस्रो-नासाचा निसार मात्र मातीची ओल दोनशे मीटरच्या तुकड्यांत दाखवण्यासाठी बनवला आहे. दोनशे मीटर म्हणजे आण्णांचं रान, शेजारचा फड आणि पलीकडचा माळ वेगवेगळे ओळखू येतील. येत्या उन्हाळ्यात माझ्या अकरावीच्या वर्गाला मी हेच काम देणार आहे: कालव्याच्या दोन्ही अंगांचा ओलीचा नकाशा काढायचा, आणि वळवाच्या दिवशी दुपारी पहिला ढग कुठल्या बाजूला उभा राहिला ते गच्चीवरून बघून त्यावर खूण करायची.